एकाच हेडसेटवर फोन आणि स्क्रीन रीडर दोन्ही कसे ऐकायचे, नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

फोनवर समोरचा माणूस खाते नंबर सांगतोय, तो कॉम्प्युटरवर टाकायचाय, नाव तपासायचंय आणि लगेच उत्तरही द्यायचंय. डोळस माणूस फोन कानाला लावतो आणि स्क्रीनकडे बघतो, झालं काम. आपल्याला, म्हणजे ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांना, फोनही कानानेच आणि स्क्रीनही कानानेच, कारण स्क्रीनवरचं सगळं स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम बोलून सांगतो. त्यामुळे ऑपरेटरची नोकरी असो, बँकेतलं चौकशीचं टेबल असो की कापूस-केळीच्या व्यापाऱ्याकडे फोनवर भाव सांगायचं आणि ऑर्डर घ्यायचं काम असो, पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो की दोन मशीनचे आवाज एका डोक्यावर आणायचे कसे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के जागा ठेवल्या आहेत, त्यातली १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी लोकांसाठी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरंपोरी परीक्षा देऊन लागतात, टेबल मिळतं, टेबलावर फोन आणि कॉम्प्युटर मिळतो, पण हे दोन्ही सोबत कसे चालवायचे ते शिकवायला ऑफिसात कोणीच नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, सावकाश वाचा, सगळं एका दिवसात करायची गरज नाही.

आधी हे ठरवा: कोणत्या कानात काय

बरेच जण विचारतात की दोन्ही आवाज मिक्स कसे करू. माझं म्हणणं असं की मिक्स करूच नका, जमेल तितके वेगळे ठेवा, हेडसेट एकच पण एका कानात स्क्रीन रीडर आणि दुसऱ्या कानात कॉल. १९५३ साली कॉलिन चेरी नावाच्या संशोधकाने याचेच प्रयोग केले होते. एकाच माणसाच्या आवाजातली दोन बोलणी एकमेकांत मिसळून ऐकवली तर लोकांना ती वेगळी काढताना नाकी नऊ आले, पण एक बोलणं डाव्या कानात आणि दुसरं उजव्या कानात दिलं तर एका कानातलं लोक धडाधड म्हणून दाखवायचे. आणि दुसऱ्या कानात काय चाललं होतं ते विचारलं तर जवळपास काहीच सांगता यायचं नाही. ही शेवटची गोष्ट नवीन माणसाने नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण आपल्याला वाटतं अनुभवी लोक दोन्ही सोबत ऐकतात. तसं नसतं भो, ते दोन कानांमध्ये झटपट उडी मारतात, आणि माणूस बोलत असेल तेव्हा स्क्रीन रीडरला गप्प करतात. एवढं कळलं की आपल्याला जमत नाही ही भीती निम्मी तिथेच जाते.

ज्या कानाने तुम्ही आतापर्यंत फोन ऐकत आलात त्याच कानात कॉल ठेवा, स्क्रीन रीडर दुसऱ्या कानात. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर मात्र ही विभागणी तुमच्या कामाची नाही, तुम्हाला दोन्ही आवाज चांगल्या कानातच घ्यावे लागतील, त्यासाठी विंडोजच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमधला मोनो ऑडिओ, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून दोन्ही कानांत सारखाच देणारी सोय, चालू करा आणि स्क्रीन रीडरचा आवाज फोनपेक्षा थोडा कमी ठेवा. बाकी सगळ्यांनी तोच मोनो ऑडिओ बंद आहे ना हे बघून घ्या, तो चालू राहिला तर खालचं काहीच चालणार नाही आणि दिवसभर कळणारही नाही की बिघडलंय काय.

ब्लूटूथवाल्या हेडसेटबद्दल, पैसे खर्च करायच्या आधी

दुकानदार सांगतो हा घ्या, मल्टिपॉइंट आहे, मोबाईल आणि लॅपटॉप दोन्ही एकदम जोडले जातात. जोडले जातात हे खरं, पण बहुतेक हेडसेट एका वेळी एकाचाच आवाज देतात. कॉल आला की लॅपटॉपचा आवाज थांबतो, म्हणजे नेमकं जेव्हा स्क्रीन रीडर पाहिजे तेव्हाच तो मुका. गाणी ऐकणाऱ्याला हीच सोय वाटते, आपल्याला ती अडचण आहे.

दुसरी गोष्ट, बहुतेक ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की हेडसेट गाण्याच्या चांगल्या मोडमधून कॉलच्या मोडमध्ये जातो, आणि त्या मोडमध्ये आवाज मोनो होतो, म्हणजे डावा-उजवा भेदच उरत नाही आणि वर स्क्रीन रीडर डबड्यातून बोलल्यासारखा येतो. म्हणून सुरुवातीला वायरवालाच घ्या. दोन्ही कानांचा घ्या, ऑफिसच्या हेडसेटमध्ये एका कानाचेपण मिळतात ते नको.

पहिला प्रकार: कॉल कॉम्प्युटरवरच येतो

हा सगळ्यात सोपा. ऑफिसचा कॉल कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरवर येत असेल, किंवा व्हॉट्सअॅप, झूम वगैरे वापरत असाल तर एक यूएसबी हेडसेट बास झाला, वेगळं काहीच विकत घ्यायचं नाही.

एनव्हीडीए हा विंडोजवरचा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर आहे, त्याच्या २०२४.२ आवृत्तीपासून साउंड स्प्लिट नावाची सोय आलीय. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक जे तुम्ही ठेवलं असेल ते, ती दाबून धरा आणि ऑल्ट व एस दाबा. लगेच एनव्हीडीए डाव्या कानात आणि बाकी सगळे प्रोग्रॅम उजव्या कानात जातात. परत तेच दाबलं की पूर्वीसारखं. उलटं पाहिजे असेल तर एनव्हीडीए, कंट्रोल आणि यू दाबून ऑडिओच्या सेटिंगमध्ये जा, तिथे साउंड स्प्लिटच्या यादीत एनव्हीडीए उजवीकडे आणि प्रोग्रॅम डावीकडे असा पर्याय आहे. एक लक्षात ठेवा, ही सोय आवाज वाटून देते म्हणजे त्या बाजूचाच आवाज चालू ठेवते, म्हणून गाणं लावलं तर त्याची अर्धीच बाजू ऐकू येईल, माणसाच्या बोलण्याला काही फरक पडत नाही. कधी एनव्हीडीए मध्येच बंद पडला आणि नंतर प्रोग्रॅमचा आवाज एकाच कानात अडकून राहिला तर घाबरू नका, एनव्हीडीए परत चालू करा आणि त्याच यादीतून दोन्ही बाजूंना दोन्ही हा पर्याय निवडा, सरळ होतं.

आता दोन सेटिंग अशा आहेत की त्या केल्या नाहीत तर लोक हेडसेटला शिव्या देतात आणि दोष हेडसेटचा नसतो.

एक म्हणजे विंडोजची. विंडोजला कॉल सुरू झालाय असं कळलं की तो बाकीचे आवाज आपोआप ८० टक्के कमी करतो, आणि बाकीच्या आवाजात आपला स्क्रीन रीडरपण येऊ शकतो. कॉल उचलला की एनव्हीडीए पार विहिरीत गेला असं जे वाटतं ते यामुळे. विंडोज आणि आर दाबा, तिथे इंग्रजीत एमएमएसवायएस, मग टिंब, मग सीपीएल असं टाइप करून एंटर करा, साउंडची जुनी खिडकी उघडेल, कंट्रोल आणि टॅब दाबत कम्युनिकेशन्सच्या टॅबवर जा आणि डू नथिंग निवडून ओके करा. एकदाच करायचं असतं.

दुसरी एनव्हीडीएची, ऑडिओ डकिंग. यात एनव्हीडीए बोलायला लागला की बाकीचे आवाज दबतात, म्हणजे ग्राहक बोलतोय आणि तुम्ही बाण दाबला की ग्राहकच दबला. एनव्हीडीए, शिफ्ट आणि डी दाबत गेलं की त्याचे पर्याय बदलतात, नो डकिंग ऐकू आलं की थांबा.

शिवाय एनव्हीडीएचा आवाज कोणत्या साधनावर जावा तेही हेडसेटचं नाव शोधून पक्कं करा, डिफॉल्टवर सोडू नका. नव्या आवृत्तीत हे ऑडिओच्या सेटिंगमध्येच आहे, जुन्या आवृत्तीत एनव्हीडीए, कंट्रोल आणि एस दाबून जी सिंथेसायझरची खिडकी येते तिथे.

दुसरा प्रकार: कॉल मोबाईलवर, काम लॅपटॉपवर

आपल्याकडे व्यापाऱ्याच्या पेढीवर, छोट्या ऑफिसात, घरून काम करणाऱ्याकडे जास्त करून हाच प्रकार असतो. याला दोन वाटा आहेत.

पहिली वाट फुकटातली, विंडोजमधलं फोन लिंक. यात मोबाईल ब्लूटूथने लॅपटॉपला जोडला जातो आणि कॉलचा आवाज लॅपटॉपमधून येतो, हेडसेट लॅपटॉपलाच लावलेला असतो. इथे ब्लूटूथ मोबाईल आणि लॅपटॉपच्या मध्ये आहे, हेडसेट वायरचाच आहे, म्हणून वर सांगितलेली मुका होण्याची अडचण येत नाही. लॅपटॉपवर फोन लिंक उघडा, अँड्रॉइड निवडा, स्क्रीनवर क्यूआर कोड येतो. तो मोबाईलने पकडायला आपल्याला त्रास होतो, घरातल्या कोणाला तरी दोन मिनिटं बसवा, एकदाच लागतं. मग कॉल्सच्या टॅबवर जाऊन सेटअप करा, मोबाईलवर परवानग्या विचारतो त्या द्या, ब्लूटूथची जोडणी दोन्हीकडे होय करा. मग घरच्यांना एक कॉल लावून बघा, आवाज हेडसेटमध्ये येतोय का, कोणत्या कानात येतोय आणि समोरच्याला तुम्ही नीट ऐकू येताय का. कॉल दोन्ही कानांत येत असला तरी साउंड स्प्लिटने एनव्हीडीए एका बाजूला राहतोच, तेवढ्यानेही फार फरक पडतो.

दुसरी वाट वायरची, छोटा ऑडिओ मिक्सर. खर्च आहे, पण दिवसभर फोनवर बसायचं असेल तर मला हीच जास्त भरवशाची वाटते, कारण दोन्ही आवाजांची बटणं वेगवेगळी तुमच्या हाताखाली राहतात, माणूस हळू बोलला की फोनचं बटण जरा फिरवलं, कोणत्याही मेनूत जायचं नाही.

सामान असं लागतं. पॅनचं बटण, म्हणजे आवाज डाव्या किंवा उजव्या कानाकडे वळवणारं बटण, असलेला छोटा मिक्सर, लॅपटॉपसाठी आणि मोबाईलसाठी एकेक वायर, मोबाईलसाठी माइक आणि इअरफोन वेगळे करणारा स्प्लिटर, आणि जुन्या पद्धतीचा दोन पिनांचा कॉम्प्युटर हेडसेट, ज्याची माइकची पिन गुलाबी आणि कानाची पिन हिरवी असते. मोबाईलची वायर, स्प्लिटर जळगावात गोलाणी मार्केटला किंवा धुळ्यात आग्रा रोडला सहज मिळेल, मिक्सर मात्र मोबाईलवाल्याकडे नाही, साउंड सिस्टीमवाल्याकडे विचारा.

विकत घेताना पिन हातात घेऊन तपासायला शिका, दुकानदाराच्या तोंडाकडे बघत बसू नका. हेडफोनच्या साध्या ३.५ एमएम पिनेवर टोकापासून नख खाली ओढत न्या, नख जिथे बारीक खाचेत अडखळतं तिथे काळी पट्टी असते. दोनदा अडखळलं तर ती तीन भागांची पिन, म्हणजे फक्त आवाज, माइक नाही. तीनदा अडखळलं तर चार भागांची, म्हणजे माइकसकट, मोबाईलवाली. स्प्लिटरची मोबाईलकडची पिन चार भागांचीच पाहिजे. मोबाईलला गोल छिद्रच नसेल तर टाइप-सीचा कन्व्हर्टर लागतो, तो दुकानातच लावून बघा, कारण सगळे कन्व्हर्टर सगळ्या मोबाईलवर चालत नाहीत, ज्याच्या आत स्वतःची ऑडिओ चिप असते तो बहुतेक ठिकाणी चालतो.

जोडणी करताना सगळे आवाज शून्यावर ठेवा. स्प्लिटर मोबाईलमध्ये घाला. हेडसेटची माइकची पिन स्प्लिटरच्या माइकच्या छिद्रात, हिरवी पिन मिक्सरच्या हेडफोनच्या छिद्रात. रंग दिसत नाही तर वायरीवरून ओळखा, किंवा कोणाला तरी विचारून माइकच्या पिनेजवळ वायरीला दोऱ्याची गाठ मारून ठेवा. आता स्प्लिटरच्या इअरफोनच्या छिद्रातून एक वायर मिक्सरच्या एका चॅनेलला, आणि लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून दुसरी वायर दुसऱ्या चॅनेलला. मोबाईलच्या चॅनेलचं पॅन पूर्ण उजवीकडे, लॅपटॉपच्या चॅनेलचं पूर्ण डावीकडे. झाली विभागणी, इथे साउंड स्प्लिटची गरज नाही, ते बंदच ठेवा.

मिक्सरची छिद्रं मोठी असतात, ६.३५ एमएमची, साउंडवाले त्या पिनेला पी-३८ म्हणतात. इथे एक भानगड होते ती सांगतो. लहान स्टीरिओ पिनेला मोठ्या स्टीरिओ पिनेचा कन्व्हर्टर लावून ती सरळ बॅलन्स्ड छिद्रात घातली तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो, आणि स्क्रीन रीडरचा आवाज दोन्हीकडे सारखाच असल्याने वजा होऊन हाती जवळपास काहीच उरत नाही. बटण पूर्ण फिरवलं तरी कुजबुज. वायर खराब नसते, पद्धत चुकलेली असते. म्हणून वायर अशी घ्या की एका टोकाला ३.५ एमएम स्टीरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन पी-३८ मोनो पिना, आणि त्यातली एकच पिन चॅनेलला लावा, दुसरी मोकळी सोडा, टेप गुंडाळून. बोलणं ऐकायला एक बाजू पुरते. हेडसेटच्या हिरव्या पिनेला मात्र, मिक्सरचं हेडफोनचं छिद्र मोठं असेल तर, स्टीरिओ कन्व्हर्टरच लावा, ही वजाबाकी फक्त चॅनेलच्या छिद्रात होते.

बटणांवर खुणा करून घ्या. बोटाला लागेल असा ठिपका, नेलपेंटचा जाड थेंब चालतो, फोनच्या बटणावर एक आणि लॅपटॉपच्या बटणावर दोन. रोजचा आवाज जिथे बरोबर वाटतो तिथे मिक्सरच्या अंगावरपण एक ठिपका, म्हणजे साफसफाई करणाऱ्याने बटणं फिरवली तरी सकाळी आल्या आल्या जागेवर आणता येतात.

आणि ती स्वस्तातली वाय वायर, दोन पिना एका छिद्रात जोडणारी, ती उलटी वापरून दोन मशीनचे आवाज एकत्र करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. एका मशीनचा आवाज दोन हेडफोनला द्यायला ती बनवलीय. दोन मशीन तशी जोडली की एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटवर लोड टाकतं, आवाज पडतो, फाटतो, आणि मशीनचं ऑडिओ खराब व्हायची शक्यता असते.

हेडसेटमध्ये घूंऽऽ असा सारखा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं बंद झालं म्हणजे ग्राउंड लूप आहे, त्यासाठी ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते ती लॅपटॉपच्या वायरमध्ये लावा. प्लगची अर्थिंगची पिन कापून घूं घालवायचा उपाय काही जण सांगतात, तो अजिबात करू नका, शॉकची गोष्ट आहे.

टेबलावरचा लँडलाइन

ऑफिसच्या एक्स्टेंशन फोनची रिसीव्हरची वायर काढून ती मिक्सरला लावायच्या फंदात पडू नका, त्यातली व्होल्टेज आणि जोडणी फोनप्रमाणे बदलते. फोनला हेडसेटचं वेगळं छिद्र आहे का ते बघा, आणि नसेल तर ऑफिसला हेडसेट चालणारा फोन मागा, लेखी अर्ज करून मागा. कामाला लागणारं साधन मागणं हा हक्काचा भाग आहे, संकोच करायचं कारण नाही. तो येईपर्यंत एका कानाचा टेलिफोन हेडसेट उजवीकडे आणि लॅपटॉपच्या इअरफोनचं एक टोक डाव्या कानात, असं काम चालतं.

समोरच्याला स्क्रीन रीडर ऐकू जातो का

वायरने जातो असं सहसा होत नाही, जातो तो हवेतून. कानाचा आवाज मोठा, गादी सैल आणि माइक संवेदनशील, मग ग्राहक विचारतो मागे कोण बोलतंय. घरच्या माणसाला कॉल लावा, एनव्हीडीएला मोठं पान वाचायला लावा आणि त्यांना विचारा. ऐकू जात असेल तर आधी आवाज कमी करा, मग माइक तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर आणा, समोर नको, श्वास आदळतो. कॉम्प्युटरवरच कॉल असेल तर विंडोजमध्ये माइकच्या जागी स्टीरिओ मिक्स निवडलं गेलंय का तेही तपासा, तसं असेल तर तुमचा अख्खा स्क्रीन रीडर समोरच्याला जातो, आणि त्यात खाते नंबर, नावं सगळं आलं, हे गांभीर्याने घ्या.

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलरचा भर्रर माइकमध्ये जातो. कूलर बंद करा असं भुसावळच्या उन्हाळ्यात कोणाला सांगणार, म्हणून कूलर पाठीमागे नको, बाजूला घ्या, वारा माइकवर सरळ येऊ देऊ नका. कान पूर्ण झाकणारा हेडसेट त्या दिवसांत घामाने नको होतो, कानावर टेकणारा हलका आणि कापडी गादीचा बरा.

हाताची सवय

कॉलवर असताना सगळ्यात जास्त लागणारी की म्हणजे कंट्रोल. ती दाबली की स्क्रीन रीडर गप्प. माणसाने तोंड उघडलं की कंट्रोल, हे बोटाला आपोआप यायला पाहिजे. शिफ्टने थांबतो आणि परत शिफ्ट दाबली की तिथूनच पुढे वाचतो, लांब नोंद वाचताना हे कामाचं.

एनव्हीडीए आणि २ ने टाइप केलेलं अक्षर बोलणं चालू-बंद होतं, ३ ने शब्द. नंबर घेताना अक्षर चालू ठेवा, शब्द बंद ठेवा, म्हणजे आकडा बरोबर पडला की नाही ते डाव्या कानात टकटक कळतं आणि मागून अख्खा शब्द परत वाचून घोळ होत नाही. आवाज निवडताना माणसासारखा गोड आवाज निवडायचा मोह होतो, कॉलच्या कामाला तो उलट त्रासाचा. एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या ईस्पीकचा कोरडा, यंत्रासारखा आवाज माणसाच्या बोलण्यापासून लगेच वेगळा कळतो, तो मराठीपण वाचतो, आणि वेग वाढवला तरी स्पष्ट राहतो.

सराव घरच्यांसोबत करा. बहिणीला, मित्राला कॉल करायला सांगा आणि त्याने मोबाईल नंबर, गावाचं नाव, रक्कम असं बोलायचं, तुम्ही ते नोटपॅडमध्ये घ्यायचं. पहिले काही दिवस हळू बोलायला सांगा, मग नेहमीच्या वेगात, मग मुद्दाम मध्येच भाषा बदलून. कारण खरा कॉल असाच येतो, अमळनेर-पारोळ्याकडून कोणी काका एकदम "कापूसना भाव काय शे भो?" म्हणून सुरू करतात, आणि त्याच क्षणी डाव्या कानात एनव्हीडीए इंग्रजी कॉलमचं नाव वाचत असतो. त्यांना "एक मिनिट काका, बघून सांगतो" म्हणा, कंट्रोल दाबा, मग बाणाने भावाच्या रकान्यावर जा, वाचून झालं की बोला. कोणी रागवत नाही.

आणि लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो पण मिक्सर बंद पडतो, म्हणजे दोन्ही कान एकदम जातात. साधे वायरचे इअरफोन टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात एका ठरलेल्या जागी ठेवा. कॉल चालू असताना लाईट गेली तर स्प्लिटर मोबाईलमधून ओढून काढा, कॉल सहसा मोबाईलच्या स्वतःच्या स्पीकर-माइकवर येतो, तो कानाला लावून बोलणं चालू ठेवा, आणि लॅपटॉपमधली मिक्सरची वायर काढून तिथे इअरफोन लावा, त्याचं एक टोक दुसऱ्या कानात घाला. कॉल न तोडता काम पुढे जातं. ऑफिसात प्लग लावायचं सॉकेट असलेला यूपीएस असेल तर त्यावर मिक्सरचा अॅडॉप्टरपण लावता येतो, त्याला फार कमी वीज लागते.